घरी बांधलेल्या ॲक्रिलिक टाकीला वरून ब्रेस कसा द्यावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी माशांची टाकी १० एमएम ॲक्रिलिकमध्ये घरीच बांधली. वरचा भाग पूर्ण उघडा ठेवला. काठोकाठ पाणी भरल्यावर समोरची बाजू वरच्या कडेला मधोमध ९ मिलिमीटर बाहेर आली. आता दोन इंची पट्ट्या वरच्या कडेला बाहेरून उभ्या चिकटवाव्यात, की एमएस (साध्या लोखंडी) अँगलची चौकट करून घ्यावी? आणि चिकटवायला सिलिकॉन चालेल का?

आधी आजच करायचं काम. पाणी ३० सेंटीमीटरपर्यंत खाली आणा. ४५ सेंटीमीटर पाणी असताना तुमच्या समोरच्या भिंतीवर सगळा मिळून साधारण १२० किलोचा जोर येतो. ३० सेंटीमीटरवर तोच ५५ किलोच्या आत येतो, कारण हा जोर पाण्याच्या उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. टाकीची लांबी-रुंदी कितीही असो, एखाद्या खोलीवर पाण्याचा दाब तेवढाच असतो. चार फुटांऐवजी आठ फुटी टाकी बांधली तरी तळाशी दाब बदलत नाही. उंची सहा इंचांनी वाढवली की मात्र सगळं गणित बदलतं. टाकी बांधायच्या आधी लोक लांबीची काळजी करतात आणि उंची मनाला येईल तशी ठरवतात, तेव्हा हे आधी सांगितलं.

आता टाकी नक्की कुठे आणि का वाकते ते बघू. ॲक्रिलिक आपटण्याला काचेपेक्षा फार चांगलं, पण ताठपणात काच त्याच्या वीसपटीहून पुढे आहे. शिवाय ॲक्रिलिक सतत ताणाखाली राहिलं की हळूहळू देत जातं. पहिल्या दिवशी ३ मिलिमीटर दिसणारा फुगवटा काही महिन्यांत दीडपट, कधी दुप्पटही होतो. म्हणून काचेच्या टाकीचे आडाखे इथे लावू नका.

तुमच्या भिंतीला खाली तळाचा आधार आहे, दोन्ही टोकांना बाजूच्या भिंतींचा आधार आहे, वर मात्र काहीच नाही. दाब सगळ्यात जास्त तळाशी असूनही वाक सगळ्यात जास्त वर, मधोमध दिसतो, तो यामुळे. वरची कड धरली की हा ९ मिलिमीटरचा वाक जवळजवळ जातो. पण ब्रेस, म्हणजे वरची कड धरून ठेवणारा आधार, फक्त कडच धरतो, भिंतीचं पोट धरत नाही. वरची कड सरळ झाली तरी भिंतीच्या साधारण मध्यावर थोडा फुगवटा राहणारच, आणि तो किती राहील हे शीटची जाडी आणि पाण्याची उंची ठरवतात. तुमच्या टाकीत तो सुरुवातीला दोन ते चार मिलिमीटर राहील. दीड फूट उंचीला १० एमएम निभावतं. मी स्वतः १२ घेतली असती. हीच टाकी दोन फूट उंच असती तर १० एमएमवर कसलाही ब्रेस घाला असा सल्ला मी दिला नसता. त्या उंचीला किमान १५, आणि टाकी वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर २० एमएम लागते. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो: जाडी दुप्पट केली की वाक आठव्या हिश्श्यावर येतो.

इथे एक गोष्ट व्हर्निअरने मोजून घ्या. १० एमएम म्हणून विकलेली शीट प्रत्यक्षात ९ च्या आसपासही निघू शकते, आणि कास्ट (साच्यात ओतून केलेल्या) शीटची जाडी एकाच तुकड्यात इकडेतिकडे कमीजास्त असते. ९ एमएम निघाली तर ताठपणा पाव हिश्श्याहून जास्त गेला. शीट कास्ट आहे की एक्स्ट्रुडेड (यंत्रातून दाबून काढलेली) हेही विचारून घ्या. एक्स्ट्रुडेडमध्ये बनवतानाच ताण राहून जातात आणि चिकटवताना तिला बारीक तडे लवकर जातात. टाकीला कास्टच हवी.

उभ्या पट्ट्यांचा बेत सोडा. लांब प्लॅस्टिकची फूटपट्टी हातात घ्या, आधी सपाट बाजूने वाकवा, मग कडेच्या बाजूने वाकवून बघा. ५० मिलिमीटर रुंद, १० मिलिमीटर जाड पट्टी भिंतीला उभी चिकटवली तर पाणी तिला तिच्या पातळ बाजूने वाकवतं. तीच पट्टी कडेवर आडवी झोपवली तर पाण्याला तिच्या रुंदीशी झगडावं लागतं. नुसत्या पट्टीचा हिशेब केला तर आडवी पट्टी उभीपेक्षा २५ पट ताठ. म्हणून टाकीच्या तोंडावर सभोवार आडवी बसणारी सपाट किनार करायची. यालाच युरोब्रेस म्हणतात. त्यातही रुंदी फार मोलाची: ५० ऐवजी ७५ मिलिमीटर रुंद किनार केली की ताठपणा तिपटीच्या वर जातो. त्याच किनारीची जाडी दुप्पट केली तर ताठपणा फक्त दुप्पट होतो. तेव्हा जाडीवर पैसे घालण्यापेक्षा रुंदी वाढवा.

पण चार फूट लांबीला नुसती सभोवारची किनार पुरत नाही. भिंतीवरच्या एकूण जोरापैकी पाचवा ते तिसरा हिस्सा वरच्या कडेकडे येतो. तुमच्या बाबतीत २५ ते ४० किलो. आकडा लहान वाटतो, पण तो १२० सेंटीमीटर लांब पट्टीवर पसरलेला असतो, आणि पट्टीचा वाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. ७५ मिलिमीटरची किनारही मध्ये आधार नसेल तर चांगलीच वाकेल. मधोमध समोरून मागे जाणारा एक आडवा पट्टा दिला की लांबी निम्मी होते आणि वाक सोळाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. या मधल्या पट्ट्यावर ताण येतो तो वीस-पंचवीस किलोचा, तेवढा तो हसत पेलतो. त्याला रुंद ठेवायचं ते ताकदीसाठी नव्हे. तो जिथे किनारीला मिळतो तिथले कोपरे मोठ्या गोलाईचे करता यावेत, म्हणून.

पट्ट्या कापून जोडू नका, अख्खं झाकण एकाच शीटमधून काढा आणि त्यात दोन खिडक्या कापा. ॲक्रिलिकच्या टाकीला मी हाच ब्रेस देतो आणि दुसरा सुचवत नाही. १० एमएमची कास्ट शीट घ्या, १२१० बाय ४६० मिलिमीटर, म्हणजे १२०० बाय ४५० च्या टाकीपेक्षा प्रत्येक बाजूला ५ मिलिमीटर जास्त. हा वाढावा चिकटवताना उपयोगी पडतो, नंतर राउटरने (कडा तासायच्या यंत्राने) उडवून टाकायचा. टाकीच्या मापाने चारही बाजूंना ७५ मिलिमीटर किनार सोडा, मधोमध १५० मिलिमीटरचा पट्टा ठेवा. मग ४५० बाय ३०० मिलिमीटरच्या दोन खिडक्या मिळतात. कोपरापर्यंत हात सहज आत जातो, साफसफाई आणि झाडं लावणं अडत नाही.

खिडक्यांचे आतले कोपरे कधीही काटकोनात ठेवू नका. सगळा ताण तिथे एकवटतो आणि तडा तिथूनच निघतो. गोलाईची त्रिज्या किमान ५० मिलिमीटर हवी. सोपी युक्ती अशी: खिडकीच्या दोन्ही रेषांपासून ५० मिलिमीटर आत मध्यबिंदू धरून १०० मिलिमीटरच्या होल सॉने (गोल भोक पाडणाऱ्या करवतीने) चारही कोपऱ्यांना भोकं पाडा, मग मधल्या सरळ रेषा जिगसॉने रेषेच्या दोन मिलिमीटर आतून कापा. प्लायचा नमुना खाली लावून राउटर फिरवला की रेषा आणि गोलाई एकजीव होतात. पातं एका जागी थांबवू नका, ॲक्रिलिक वितळून पात्याला चिकटतं. शेवटी हॅक्सॉ ब्लेडची पाठ कडेवरून ओढा. कापण्याच्या खुणा पातळ सालीसारख्या निघून येतात. मग २२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, पाण्यासह. कडेवर नख फिरवल्यावर कुठेही अडकता कामा नये.

बाजारात लेसरवर कापून देणारे बरेच आहेत आणि लेसरची कड काचेसारखी चमकते, म्हणून मोह होतो. पण त्या कडेत उष्णतेचा ताण अडकलेला असतो. चिकटवायचं द्रावण किंवा नुसती त्याची वाफ लागली तरी तिथे चांदीसारख्या बारीक रेघा फुटतात. ज्योतीने पॉलिश केलेल्या कडेचंही तेच. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी राउटरवर कापून घ्या. लेसरशिवाय इलाजच नसेल तर कडेचा एक मिलिमीटर घासून उडवा, किंवा ज्यांच्याकडे मोठी भट्टी आहे त्यांच्याकडून शीट ८० अंश सेल्सिअसला काही तास तापवून सावकाश थंड करून घ्या.

आता सिलिकॉनबद्दल. काचेला ते जसं धरतं तसं ॲक्रिलिकला धरत नाही, काही दिवसांत सालीसारखं सुटतं. इपॉक्सीही ताणाखाली सोलून निघते. झटपट चिकटणारे गोंद ॲक्रिलिकला पांढरं करतात आणि तडे देतात. ॲक्रिलिक ॲक्रिलिकला जोडायचं ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकमेकांत मिसळवूनच. आपल्याकडे शीटचं काम करणारे त्यासाठी ज्याला सरसकट क्लोरोफॉर्म म्हणतात ते क्लोरोफॉर्म किंवा मिथिलीन क्लोराइड असतं. वेल्ड-ऑन ३ किंवा ४ हे ॲक्रिलिक जोडायचं तयार द्रावण मिळालं तर ते घ्या. ही द्रव्यं विषारी आहेत, त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते. गच्चीवर किंवा आरपार वारा असलेल्या जागी काम करा, जवळपास ज्योत किंवा सिगारेट नको, मुलंबाळं लांब. साध्या रबरी हातमोज्यातून हे द्रव्य पटकन आरपार जातं, तेव्हा मोजे घातलेत म्हणून हातावर सांडू देऊ नका.

चिकटवण्याआधी टाकी रिकामी करून निदान आठवडाभर सावलीत वाळू द्या. ॲक्रिलिक पाणी शोषतं, ओल्या कडेवरचा सांधा दुधाळ होतो. याच आठवड्यात वाकलेली भिंत बरीचशी आपणहून सरळ होते. दोनेक मिलिमीटर वाक शिल्लक राहिला तर तो क्लॅम्पने आत घेता येतो. त्याहून जास्त असेल तर जबरदस्तीने ओढून चिकटवू नका, तो ताण कायमचा सांध्यात अडकेल. अजून थोडे दिवस थांबा. टाकी रिकामी आहे तोवर जुने सांधेही टॉर्च तिरपा धरून तपासा. ९ मिलिमीटर वाकताना उभ्या कोपऱ्यांची वरची टोकं आणि तळाचा समोरचा सांधा बराच ओढला गेलेला असतो. सांध्यात पांढरी रेघ उमटली असेल किंवा आधी नसलेले बुडबुडे दिसत असतील तर ब्रेसवर खर्च करू नका, तो सांधा आधी नव्याने करावा लागेल.

मग भिंतींच्या वरच्या कडा एका पातळीत आणा. टाकीपेक्षा लांब सपाट प्लायवर १२० नंबरचा पेपर चिकटवा आणि चारही कडांवर एकदम टेकवून मागेपुढे फिरवा. कडांवर आधी मार्करने रेघोट्या मारून ठेवा: जिथली रेघ पुसली जात नाही तो भाग खाली आहे. झाकणाची शीट ठेवून सभोवार झेरॉक्सचा कागद सरकवून बघा. कागद कुठेही आत गेला तर अजून घासायचं आहे. सगळ्या कामात जास्त वेळ इथे जातो आणि तो जाऊ द्यावा, कारण पातळ द्रावण फट भरून काढत नाही.

चिकटवताना टाकी उलटी करायची. झाकणाची शीट खाली, तिच्यावर टाकी पालथी. पण शीट टेबलावर सपाट ठेवू नका. सपाट, सारख्या उंचीच्या प्लायच्या चौकटीवर ठेवा, म्हणजे कडांना पूर्ण आधार मिळेल आणि खिडक्या खालून मोकळ्या राहतील. नाहीतर जड वाफ पालथ्या टाकीत कोंडून राहते आणि आतल्या बाजूला तडे देते. हे फार कमी जण सांभाळतात. इलेक्ट्रिक वायरमधली सुटी बारीक तार, साधारण ०.२ मिलिमीटरची, तुकडे करून दर दहा सेंटीमीटरवर कडेखाली आडवी सरकवा, एक टोक बाहेर. टाकीच्या चारही बाजूंना वाढावा सारखा आहे ना, गुण्या लावून बघा.

द्रावण सुईच्या बाटलीने भरा. रबरी दट्ट्याची सिरिंज घेऊ नका, दट्टा फुगून अडकतो. एका टोकापासून सुरू करा, न थांबता पुढे जा. बाहेर आलेली ५ मिलिमीटरची किनार द्रावणाला पाळ देते आणि ते आपणहून फटीत ओढलं जातं. कोरडा सांधा चांदीसारखा दिसतो. द्रावण पसरत जाईल तसा तो पारदर्शक होत पुढे सरकताना डोळ्यांना दिसतो. मध्ये चांदीचा ठिपका राहिला तर तिथे बाहेरून अजून एक थेंब. तीस-चाळीस सेकंद पृष्ठभाग मऊ होऊ द्या, मग ज्या क्रमाने भरलं त्याच क्रमाने तारा ओढून घ्या. टाकीच्या स्वतःच्या वजनाने फट मिटते. वरून आणखी वजन ठेवू नका, मऊ झालेलं ॲक्रिलिक पिळून बाहेर येतं आणि सांधा कोरडा पडतो. एक बाजू पूर्ण करून मगच दुसरी घ्या, आणि हे काम दोघांनी करा: एकाने भरायचं, दुसऱ्याने तारा ओढायच्या. भर उन्हात द्रावण भरण्याआधीच उडतं, म्हणून सकाळची वेळ बरी. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, सांधे पांढरे पडतात. द्रावण उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली ओल त्यावर बसते. जुलैमध्ये हे काम काढण्यापेक्षा टाकी थोडे महिने ३० सेंटीमीटर पाण्यावर चालवा आणि कोरड्या दिवसांत हात घाला.

दोन दिवस टाकी हलवू नका. मग उलटून वाढावा राउटरने साफ करा, आणि पाणी भरायला त्यापुढे आठवडा तरी जाऊ द्या. पाणी एकदम भरायचं नाही: पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण, आणि प्रत्येक टप्प्यावर एक दिवस मुक्काम. समोरच्या बाजूला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणा, दोन्ही टोकांना सारख्या जाडीचे ठोकळे ठेवून, आणि स्टीलच्या पट्टीने दोरा ते भिंत अंतर वरच्या कडेवर आणि मध्यावर मोजून लिहून ठेवा. वरची कड एक-दीड मिलिमीटरच्या आत आणि पोट चार मिलिमीटरच्या आत असेल तर समाधान माना. मग महिन्याने, तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. आकडा हळूहळू वाढून थांबला तर ठीक. थांबतच नसेल तर पाणी पाच सेंटीमीटर कमी ठेवा, एवढ्याने भिंतीवरचा जोर पाचव्या हिश्श्याने उतरतो.

मोठ्या कामातही ॲक्रिलिक सावधपणेच वागवावं लागतं. बर्लिनच्या एका हॉटेलातली ॲक्वाडोम ही दहा लाख लिटरची ॲक्रिलिकची गोल टाकी १६ डिसेंबर २०२२ ला पहाटे एकाएकी फुटली. तज्ज्ञांना एकच कारण ठामपणे सांगता आलं नाही, पण ज्या शक्यता त्यांनी मांडल्या त्यात सांध्याचं निकामी होणं होतं आणि नूतनीकरणासाठी टाकी रिकामी असताना ॲक्रिलिक फार सुकणंही होतं. घरची टाकी त्या मानाने काहीच नाही, तरी रिकामी टाकी महिनोन्‌महिने उन्हात ठेवू नये आणि भरताना घाई करू नये, हे त्यातून घेण्यासारखं आहे. उलट बाजूने, मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात २०१५ मध्ये जो ॲक्रिलिकचा बोगदा बसवला, त्यात पाणी कमानीच्या बाहेरून दाबायचं, म्हणून तिथे आकारच ब्रेसचं काम करायचा. आपल्या चौकोनी टाकीला ती सोय नाही.

एमएस अँगलच्या चौकटीचं म्हणाल तर मी ती करणार नाही. तापमान बदललं की ॲक्रिलिक लोखंडाच्या जवळजवळ सहापट फुलतं-आक्रसतं. दहा अंशांच्या फरकाला चार फुटांत सुमारे ०.८ मिलिमीटर. घट्ट चौकट एका ऋतूत सैल पडते आणि दुसऱ्यात कोपऱ्यांवर दाबते. गंज आणि कडेची धार वेगळीच. भिंतींना भोकं पाडून आरपार स्टड (आट्यांचा लोखंडी गज) घालणं तर अजिबात नको, प्रत्येक भोक म्हणजे तड्याला आमंत्रण. अँगल वापरायचाच असेल तर तो स्टँडसाठी वापरा, आणि त्यावर १९ एमएमचं सपाट प्लाय टाका. ॲक्रिलिकच्या टाकीचा तळ पूर्ण टेकलेला असावा लागतो. पाणी, टाकी मिळून एकूण वजन २७० किलोच्या घरात जातं, वाळू-दगड वेगळे.

ब्रेस बसल्यावर त्याच्यावर वरचा फिल्टर, दगड किंवा तापणारा दिवा ठेवू नका. दिवा स्टँडवरून टांगा. आणि काच पुसायचे फवारे, ज्यात स्पिरिट किंवा अमोनिया असतो, ते ब्रेसच्या किंवा सांध्यांच्या जवळपासही आणू नका. ताणाखालच्या ॲक्रिलिकला त्याने बारीक तडे जातात. ओलं मऊ सुती फडकं पुरतं.